नवा लेथ रुसतो तेव्हा

'जालना सोने का पालना' ही म्हण तुम्ही घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली असेल. सोन्याचा पाळणा कोणी पाहिला आहे की नाही, ते सोडून द्या. लाकडी पाळणा मात्र तुम्ही नक्की पाहिला आहे. त्याचे गोल गोल दांडे, त्यांवरचे मणी आणि खाचा कोण बनवतो, ठाऊक आहे का? तुम्ही उर्दूत त्याला खरादी म्हणता. मराठीत त्याला कातारी म्हणतात. लाकूड गरगर फिरवायचे आणि त्यावर धारदार पटाशी टेकवायची, म्हणजे लाकूड सगळीकडून सारखे तासले जाते आणि गोल होते. लाटणे, भोवरा, पलंगाचे पाय अशा वस्तू याच रीतीने होतात. कोकणात सावंतवाडीची चितार आळी आणि कर्नाटकात चन्नपट्टण ही गावे अशा लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध आहेत.

पूर्वी लाकडाला दोरीचे वेढे देत आणि दोरी आळीपाळीने ओढून लाकूड फिरवत. पुढे विजेची मोटर आली. मोटरने फिरणाऱ्या या खरादीला सगळीकडे लेथ म्हणतात. आता छंद म्हणून घरी लाकूडकाम करणाऱ्यांसाठी टेबलावर मावतील असे छोटे लेथही मिळतात.

समजा, तुमचे चाचा नवीन जालन्यात राहतात. कुंडलिका नदीच्या एका बाजूला जुना जालना आणि दुसऱ्या बाजूला नवीन जालना, हे तुम्हांला सांगायला नको. चाचांनी असा एक छोटा लेथ विकत आणला. घराच्या मागच्या खोलीत तो टेबलावर बसवला, प्लग लावला, हिरवे बटण दाबले. आणि काहीच झाले नाही. चाचा चिडले. "नवी मशीन आणि बिघडलेली! दुकानदाराने फसवले!" असे ते म्हणाले.

चाचांनी थोडे थांबायला हवे होते. नव्या यंत्राची तक्रार पुष्कळदा यंत्रात नसते, ती घराच्या वायरिंगमध्ये असते. कधी कधी तर ती तक्रारच नसते. हे ओळखायचे कसे, ते आपण पाहू. पण आधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. यंत्राला हात लावण्यापूर्वी बटण बंद करायचे आणि प्लगही सॉकेटमधून काढायचा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. यंत्राचे झाकण उघडणे, तारा सोडवणे ही कामे वायरमनची आहेत. तुम्ही आणि चाचांनी पाहायचे, ऐकायचे, हुंगायचे आणि विचार करायचा. अर्धे दुखणे एवढ्यानेच सापडते. शिवाय नव्या यंत्राचे सील तोडले, की दुकानदार हमी नाकारतो.

लेथ अजिबात आवाज करत नसेल, तर पहिला संशय सॉकेटवर घ्या. त्याच सॉकेटमध्ये टेबलावरचा दिवा किंवा पंखा लावून पाहा. दिवा लागला नाही, तर लेथ निर्दोष आहे. दिवा लागला, तर यंत्राकडे वळा. आजच्या छोट्या लेथमध्ये पट्टा आणि पुली झाकणारे एक झाकण असते. पुष्कळ यंत्रांत त्या झाकणाखाली एक बारीक बटण दडलेले असते. झाकण नीट बसले नाही, तर ते बटण दाबले जात नाही आणि मोटरला वीज मिळत नाही. बोटे पट्ट्यात सापडू नयेत म्हणून केलेली ही सोय आहे. काही लेथवर वेग कमी-जास्त करायची गोल खुंटी असते. ती शून्यावर आणल्याशिवाय काही यंत्रे सुरूच होत नाहीत. आपण खुंटी मधेच ठेवतो, बटण दाबतो आणि यंत्राला नावे ठेवतो! यंत्राबरोबर आलेले माहितीचे पुस्तक खोक्यातच राहते. माझ्या मते निम्म्या तक्रारी त्या पुस्तकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावरच मिटतात.

आता दुसरा प्रकार. बटण दाबले, की मोटर 'हूंऽऽ' असा आवाज करते, पण फिरत नाही. हा आवाज ऐकताच बटण लगेच बंद करा. अडलेली मोटर नेहमीपेक्षा कितीतरी अधिक वीज ओढते आणि थोड्याच वेळात तिचे वेटोळे तापून जळू शकते. प्लग काढा आणि मग लेथ हाताने फिरवून पाहा. तो हातानेही फिरत नसेल, तर लाकूड कुठेतरी अडले आहे, किंवा पट्टा फार ताणला गेला आहे. हे यंत्राचे आडकाठीचे दुखणे झाले, विजेचे नव्हे.

लेथ हाताने सहज फिरतो आणि विजेवर नुसता गुणगुणतो, असे असेल तर? हे समजण्यासाठी सायकल आठवा. पायडल अगदी वर, सरळ उभे असताना त्यावर कितीही भार दिला तरी चाक फिरत नाही. पायडल जरा पुढे सरकले, की तोच भार चाक फिरवतो. आपल्या घरातली वीज एका फेजची असते. त्या विजेने मोटरमध्ये जे चुंबकीय बळ तयार होते, ते गोल फिरत नाही. ते एकाच रेषेत वाढते, घटते आणि उलट होते. एका सेकंदात असे 50 फेरे होतात. म्हणून मोटरला सुरुवातीचा धक्का देण्यासाठी आणखी एक वेटोळे आणि एक कपॅसिटर बसवलेला असतो. मोटरच्या पाठीवर डब्यासारखा किंवा उंचवट्यासारखा जो भाग दिसतो, त्यात बहुधा हा कपॅसिटर असतो. तो बिघडला, की धक्का मिळत नाही आणि मोटर पायडल उभे राहिलेल्या सायकलीसारखी अडून बसते. छताचा पंखा कधी कधी असाच अडतो, ते तुम्ही पाहिले असेल. पंखेवालाही तेव्हा कपॅसिटरच बदलतो.

काही मोटरींत वेग पुरेसा वाढला, की एक छोटा स्विच धक्क्याचे वेटोळे आपोआप तोडतो. बंद होताना मोटर 'टक्' असा आवाज करते, तो या स्विचचाच. लाकडाचा भुसा त्याच्या तोंडात अडकला, तर स्विच जुळत नाही आणि मोटर गुणगुणत राहते. यंत्र नवे असताना हे क्वचित होते. सहा महिन्यांच्या भुशानंतर मात्र नेहमी होते. कपॅसिटरविषयी एक इशारा द्यायलाच हवा. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहू शकते. तो कधीही उघड्या हाताने धरू नका.

पण चाचांचा कपॅसिटर नवा होता. मग दोष कुठे होता? दोष होता लांब, बारीक वायरीत. मागच्या खोलीत सॉकेट नव्हते, म्हणून चाचांनी पुढच्या खोलीतून 20 मीटर वायर ओढली होती. दिव्याला चालते ती मोटरला का चालू नये, असे त्यांना वाटले. आपण थोडे गणित करू.

अर्ध्या अश्वशक्तीची मोटर चालताना साधारण 4 अँपिअर वीज घेते. सुरू होताना मात्र क्षणभर ती पाच पट, म्हणजे 20 अँपिअर मागते. अर्ध्या चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध एका मीटरला सुमारे 0.035 ओहम असतो. वीज 20 मीटर जाते आणि 20 मीटर परत येते, म्हणजे 40 मीटर तार झाली. तिचा रोध 1.4 ओहम. 20 ला 1.4 ने गुणा. 28 व्होल्ट वायरीतच खर्च झाले! घरात 230 व्होल्ट असले, तरी मोटरपाशी 202 उरले. मोटरचा सुरुवातीचा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. त्यामुळे जोर जवळजवळ पाऊण हिश्श्यावर येतो. संध्याकाळी घरोघरी दिवे, पंखे लागतात आणि मूळ दाबच 200 वर उतरला, तर मोटर उठणार कशी? याच जागी अडीच चौरस मिलिमीटरची वायर असती, तर साडेपाच व्होल्टच गेले असते. लेथ सकाळी सुरू होतो आणि संध्याकाळी अडतो, असे दिसले की वायरीवर आणि दाबावर संशय घ्या. वायर हाताला गरम लागत असेल, तर संशय कसला, खात्रीच!

तिसरा प्रकार असा, की बटण दाबताच फ्यूज उडतो किंवा एम.सी.बी. पडतो. अशा वेळी फ्यूजमध्ये जाड तार घालणारे लोक आपल्याकडे फार आहेत. हे रोग्याचा ताप उतरत नाही म्हणून तापमापक फोडण्यासारखे आहे. एकदा पडला तर एकदाच पुन्हा चढवून पाहा. पुन्हा पडला, तर वायरमनला बोलवा. जाता जाता हेही पाहा, की परदेशातून कोणी आणलेल्या यंत्रावर किती व्होल्ट लिहिले आहेत. अमेरिकेत घरगुती वीज 120 व्होल्टची असते. तिथले 120 व्होल्टचे यंत्र आपल्या 230 व्होल्टवर सरळ लावले, तर ते फ्यूज उडवते किंवा स्वतः जळते.

आता सर्वांत महत्त्वाची तक्रार. चाचांनी जाड वायर टाकून घेतली. लेथ छान फिरू लागला. पण लोखंडी अंगाला हात लागला, की बोटांना झिणझिण्या येत. "थोडेसेच लागते," असे म्हणून चाचा पायात रबरी चप्पल घालून काम करू लागले. इथे मात्र चाचांचे अजिबात ऐकू नका.

थोडेसे म्हणजे किती? 60 वॉटच्या दिव्यातून सुमारे 260 मिलिअँपिअर वीज वाहते. यातला आठवा-नववा हिस्सा, म्हणजे साधारण 30 मिलिअँपिअर वीज छातीतून थोडा वेळ गेली, तरी माणसाचा जीव धोक्यात येतो. म्हणूनच घरात बसवायचा आर.सी.सी.बी. नावाचा संरक्षक स्विच 30 मिलिअँपिअरला वीज तोडेल असा बनवतात.

प्लगला तीन पिना असतात. त्यांतली वरची पिन जाड आणि लांब असते. ती अर्थिंगची, म्हणजे जमिनीशी जोडणारी पिन. ती लांब आहे, म्हणून प्लग लावताना आधी तीच जोडली जाते आणि काढताना शेवटी सुटते. यंत्राचे लोखंडी अंग या पिनेला जोडलेले असते. आतली तार सुटून अंगाला टेकली, तर वीज या वाटेने जोरात जमिनीकडे धावते आणि फ्यूज उडतो. तुम्ही वाचता. पण भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंगची तारच जोडलेली नसेल तर? मग वीज अंगावर वाट पाहत उभी राहते, कोणीतरी हात लावण्याची.

वेगाची खुंटी असलेल्या नव्या लेथमध्ये आणखी एक गंमत असते. त्याच्या इलेक्ट्रॉनिक भागातले छोटे कपॅसिटर थोडीशी वीज अर्थिंगकडे सोडत असतात. यंत्र तसेच बनवलेले असते. अर्थिंग नसेल, तर लोखंडी अंगावर जवळजवळ निम्मा दाब येतो. झिणझिण्या येतात, टेस्टरचा दिवा मंद लागतो. यंत्र निर्दोष असते. घर दोषी असते. मात्र झिणझिण्या याच कारणाने आहेत की तार खरोखर सुटली आहे, हे बाहेरून कळत नाही. म्हणून दोन्ही वेळी लेथ बंद ठेवायचा.

वायरमनने येऊन सॉकेट उघडले. अर्थिंगचे भोक रिकामेच होते, मागे तार नव्हती. त्याने प्लगही पाहिला. भिंतीत लाल, काळी आणि हिरवी तार होती. लेथच्या वायरीत तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी. लाल म्हणजे तपकिरी, काळी म्हणजे निळी आणि हिरवी म्हणजे हिरवी-पिवळी. हा फरक माहीत नसलेल्या माणसाने प्लग बदलला आणि अर्थिंगच्या जागी फेज जोडली, तर सगळा लेथच विजेचा होतो. चाचांचा प्लग सुदैवाने बरोबर होता. वायरमनने अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यापासून नवी तार आणली. खड्ड्यात मीठ आणि कोळसा घालतात, ते ओल टिकावी म्हणून. आपल्याकडे उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडतात आणि कोरडी माती वीज नीट वाहू देत नाही. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत त्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतावे लागते. हे काम चाचांनी तुमच्याकडे सोपवले.

आठ दिवसांनी चाचांची नवी तक्रार आली. काम चालू असताना वीज गेली. पाच मिनिटांनी दिवे लागले, पंखा फिरू लागला, पण लेथ मात्र थांबलेलाच! त्यांनी हिरवे बटण पुन्हा दाबले, तेव्हा तो सुरू झाला. "ही मशीन अजून बिघडलेलीच आहे," असे ते म्हणाले.

तुम्ही त्यांना काय सांगाल? या बटणाच्या आत एक विद्युतचुंबक असतो. वीज असेपर्यंत तो बटण धरून ठेवतो. वीज गेली, की सोडून देतो. वीज गेल्यावर चाचा काय करत होते, ते त्यांना आठवू द्या. ते लाकूड काढून, चक उघडून, त्यात बोटे घालून भुसा झटकत होते.