घडणावळ आणि आटणी

गेल्या वर्षी माझ्या फीसाठी आईच्या पाटल्या मोडल्या, तेव्हा मी तिच्याबरोबर सराफाच्या दुकानात गेलो होतो. पाटल्यांवरची नक्षी पणजीच्या वेळची. सोन्याचे पैसे मिळाले, घडणावळ मात्र बुडाली. तराजूला वजन कळते, कारागिरी कळत नाही. पुढे युरोपच्या प्रबोधनकाळाचा अभ्यास करताना बेनवेनूतो चेलिनी या सोनाराची हकीकत वाचली आणि तो दिवस पुन्हा आठवला.

चेलिनी १५०० साली फ्लॉरेन्समध्ये जन्मला. त्या शहरात सोनाराची पेढी म्हणजे कलेची शाळाच होती. गिबर्ती आणि ब्रुनेलेस्की यांच्यासारखे थोर कलावंतही प्रथम सोनारकामच शिकले. १५४० मध्ये फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस याने चेलिनीला आपल्या दरबारी घेतले आणि पॅरिसमध्ये सीन नदीकाठी कारखान्यासाठी जागा दिली. तेथे १५४३ पर्यंत त्याने राजासाठी सोन्याचे मीठपात्र घडविले.

हे पात्र अवघे २६ सेंटीमीटर उंच आहे. समुद्रदेव आणि भूदेवी समोरासमोर बसलेली आहेत. देवाजवळच्या नावेत मीठ आणि देवीजवळच्या छोट्या मंदिरात मिरी ठेवायची. मीठ समुद्राचे, मिरी जमिनीची, हा त्यातील अर्थ. या मूर्ती साच्यात ओतलेल्या नाहीत. सोन्याचा पत्रा हळूहळू ठोकून त्यांना उठाव दिला आहे आणि त्यावर मीनाकाम केले आहे. एक घाव चुकीचा पडला तर पत्रा फाटायचा!

पण अशा कामाचा खरा शत्रू म्हणजे आटणी. १५२७ मध्ये रोमवर हल्ला झाला, तेव्हा पोपच्या मुकुटांचे सोने आपणच आटविले, असे चेलिनी आत्मचरित्रात सांगतो. त्याने स्वतः पोपसाठी घडविलेले झग्याचे रत्नजडित बिरडे १७९७ मध्ये नेपोलियनची खंडणी भागविताना असेच मुशीत गेले. आज त्याची केवळ चित्रे उरली आहेत. फ्रान्समध्येही चौदाव्या लुईने १६८९ मध्ये युद्धखर्चासाठी आपले रुप्याचे सामान आटविले. मीठपात्र मात्र १५७० मध्येच नवव्या चार्ल्सने ऑस्ट्रियाच्या राजघराण्याला भेट दिले होते. देशाबाहेर गेले म्हणूनच ते वाचले, असे मला वाटते.

११ मे २००३ रोजी व्हिएन्नाच्या संग्रहालयातून ते चोरीला गेले. २००६ च्या जानेवारीत ते जंगलात पुरलेल्या पेटीत सापडले. चोराने ते आटविले नव्हते, त्याबदली खंडणी मागितली होती. घडण ही सोन्याहून मोलाची असते, हे निदान त्या चोराला तरी कळले होते!

पाटल्या मोडण्यापूर्वी त्यांच्या नक्षीचे एक चित्र मी वहीत काढून ठेवायला हवे होते. ते सुचले नाही. वाचकहो, तुमच्या घरी असा एखादा जुना दागिना असेल, तर तो मोडण्याची वेळ येण्याआधी एवढे तरी अवश्य करा.