बिनतारी वाद्यासाठीं चिपांची निवड

घरच्या घरीं एखादें वाद्य तयार करावें, अशी हौस कित्येक विद्यार्थ्यांस असते. आणि बिनतारी साधनें सुलभ झाल्यापासून ती अधिकच वाढली आहे. परंतु वाद्याचें मंडल जुळवावयास बसलेला मुलगा बहुधा एकाच ठिकाणीं अडतो. मुंबईंतील लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यांतील बुधवार पेठेंत जाऊन तो नुसती “१६५ नंबरची चिप” मागतो, व जी हातीं पडेल ती घेऊन येतो. मग वाद्य कधीं वाजतें, कधीं मुकें राहतें, तर कधीं त्यांतील सर्वांत महाग भागच कायमचा निकामी होतो. पालकांचे पैसे जातात. आणि त्याहून वाईट म्हणजे मुलाचा उत्साह मावळतो. अशा वेळीं दोष पुष्कळदां जुळणीचा नसून निवडीचा असतो. म्हणून ही निवड कशी करावी, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम मिडी म्हणजे काय तें पाहूं. मिडी हा आवाज नव्हे. ती विजेच्या वाद्यांची आपसांतील भाषा होय. अमेरिकेंतील डेव्ह स्मिथ व जपानांतील इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकारानें ती १९८३ सालीं प्रचारांत आली. पट्टी दाबली कीं तीन भागांचा एक निरोप निघतो: स्वर सुरू करावा, तो अमक्या क्रमांकाचा असावा, आणि तो अमक्या जोरानें वाजावा. तारेवरून हा निरोप सेकंदास ३१,२५० बिट या वेगानें जातो. म्हणजे तो पुरा होण्यास एक मिलिसेकंदाहूनही किंचित् कमी वेळ लागतो. हाच निरोप ब्लूटूथनें बिनतारी कसा पाठवावा, याचे नियम २०१५ सालीं ठरले.

आतां ३२ पट्ट्यांचें एक लहान वाद्य डोळ्यांसमोर आणा. त्याचा मेंदू म्हणजे ईएसपी३२ हा मायक्रोकंट्रोलर. ब्लूटूथची सोय त्यांतच असते. परंतु ३२ पट्ट्यांसाठीं ३२ स्वतंत्र तारा जोडण्याइतके पाय त्याला मोकळे नसतात. येथें १६५ क्रमांकाची चिप उपयोगी पडते. ती आठ पट्ट्यांची स्थिति एकाच क्षणीं टिपून घेते, आणि मग मेंदूनें ठोका दिला कीं एकेक उत्तर क्रमानें पुढें सरकविते. वर्गांत हजेरीच्या वेळीं मुलें ओळीनें “हजर” म्हणतात, तसाच हा प्रकार होय. अशा चार चिपा सांखळीनें जोडल्या म्हणजे ३२ पट्ट्यांचें काम केवळ तीन तारांवर भागतें.

परंतु १६५ हें त्या चिपेचें काम झालें; तिचें कूळ ७४ या आंकड्यानंतरच्या अक्षरांवरून कळतें. ७४एलएस१६५, ७४एचसी१६५ आणि ७४एचसीटी१६५ या तिघी एकच काम करतात व त्यांचे पायही सारख्याच क्रमानें असतात. मात्र त्यांचा आहार निरनिराळा आहे. एलएस कुळास ४.७५ ते ५.२५ व्होल्ट लागतात, एचसीटी कुळास ४.५ ते ५.५ व्होल्ट लागतात, आणि एचसी कूळ २ पासून ६ व्होल्टपर्यंत कोठेंही काम करतें. ईएसपी३२ तर ३.३ व्होल्टवर चालतो. यावरून निर्णय आपोआपच होतो. चिपा आणि मेंदू या दोघांनाही ३.३ व्होल्ट द्यावयाचे असतील, तर एचसी हेंच कूळ योग्य.

कोणी म्हणेल, “चिपांना वेगळे ५ व्होल्ट दिले तर काय बिघडलें?” तर दोन अडचणी येतात. पहिली अशी कीं, ५ व्होल्टवरील चिपेचें उत्तरही सुमारें ५ व्होल्टचें येऊं शकतें, आणि तें ईएसपी३२ च्या पायांस सोसत नाहीं. दुसरी अधिक फसवी आहे. ५ व्होल्टवर चालणारी एचसी चिप समोरून ३.५ व्होल्ट आले, तरच तो “होकार” आहे असें खात्रीनें मानते; मेंदू तर ३.३ व्होल्टच देतो. ही उणीव अवघी ०.२ व्होल्टची, म्हणून टेबलावर मंडल बहुधा चालतें, आणि ऐन स्नेहसंमेलनांत दगा देतें.

मग एचसीटी कूळ निरुपयोगी आहे काय? मुळींच नाहीं. तें २ व्होल्टलाच होकार मानतें, आणि स्वतः ५ व्होल्टचें उत्तर देतें. बिनतारी निरोप घेऊन तो पांच पायांच्या जुन्या मिडी सॉकेटमधून दुसऱ्या वाद्यास द्यावयाचा असेल, तर मूळ मांडणींत तेथें ५ व्होल्ट लागतात. अशा ठिकाणीं ३.३ व्होल्टचा मेंदू आणि ५ व्होल्टची तार यांच्यामध्यें ७४एचसीटी१२५ ही चिप उत्तम दुभाष्याचें काम करते. सारांश, पाठविणाऱ्या टोकास एचसी आणि घेणाऱ्या टोकास एचसीटी.

विजेच्या खर्चाचाही विचार हवा, कारण वाद्य बॅटरीवर चालावयाचें आहे. एलएस कुळाची चिप एकही पट्टी न दाबतां कित्येक मिलिअँपिअर प्रवाह खात बसते. एचसी चिप स्वस्थ असतां मायक्रोअँपिअरांतच भागविते. वेगाची मात्र फारशी चिंता नको. सेकंदास १,००,००० ठोके दिले तरी ३२ पट्ट्यांची हजेरी ०.३२ मिलिसेकंदांत पुरी होते, आणि एचसी चिप याच्या कितीतरी पट वेग सहज सोसते.

योग्य चिप आणली तरी तीन गोष्टी विसरूं नयेत. प्रत्येक चिपेच्या वीज घेणाऱ्या पायाजवळच ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा. प्रत्येक पट्टीच्या तारेस १० किलो-ओहमचा रेझिस्टर ३.३ व्होल्टशीं जोडावा, म्हणजे पट्टी न दाबतां ती तार अधांतरीं राहणार नाहीं. आणि वापरांत नसलेला आंत घेणारा पाय मोकळा न सोडतां जमिनीस किंवा विजेस जोडावा. कारण मोकळा पाय हवेंतील लहरी टिपतो, आणि मग न दाबलेले स्वर वाजूं लागतात.

तात्पर्य, विद्यार्थिमित्रहो, दुकानांत जाण्यापूर्वीं चिपेचें माहितीपत्रक उघडा, आणि कागदावर तीन प्रश्नांचीं उत्तरें लिहा. माझा मेंदू किती व्होल्टवर चालतो? या कुळाची चिप तेवढ्यावर काम करते काय? आणि एकाचें उत्तर दुसऱ्यास कळेल व सोसेल काय? हीं उत्तरें जुळलीं, तरच पैसे खर्च करा. पालकांसही विनंति आहे कीं, मुलानें नुसता नंबर सांगितला, तर त्यास मधलीं अक्षरें अवश्य विचारावींत. त्या दोन-तीन अक्षरांवरच वाद्याचें वाजणें किंवा मुकें राहणें अवलंबून आहे.