कुतूहल : फर्नेसने हवा कुठून घ्यावी?

हिवाळ्यात मुलांकडे शिकागोला किंवा टोरांटोला गेलेल्यांनी घराच्या भिंतीतून बाहेर आलेले दोन पांढरे प्लास्टिकचे पाइप पाहिले असतील. एकातून वाफ निघते. दुसरा निवांत दिसतो, पण घर तापवणाऱ्या, तळघरातल्या गॅस फर्नेसला हवा तोच पुरवतो.

एक भाग नैसर्गिक वायू नीट जळायला सुमारे १० भाग हवा लागते. जुन्या फर्नेस ती तळघरातूनच ओढतात. तेवढीच गार, कोरडी हवा मग दाराखिडक्यांच्या फटींतून आत शिरते. म्हणजे पैसे मोजून तापवलेली हवा धुराड्यातून बाहेर!

नवी घरं तर फिरकीच्या डब्यासारखी घट्ट. तिथे स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट आणि कपडे वाळवायचं यंत्र एकदम चाललं, की आतला दाब उतरतो आणि धुराड्यातला धूर उलटा घरात येऊ शकतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. शेजारी ब्लीच ठेवलं असेल तर त्याची वाफ ज्योतीत जाऊन आम्ल बनते आणि फर्नेसचा पत्रा आतून गंजतो.

बाहेरची हवा पाइपने थेट बंदिस्त ज्योतीपर्यंत नेली, की यातलं बहुतेक टळतं. खर्च वाढतो, पण घट्ट घरात तो करायलाच हवा. फक्त पाइपच्या तोंडाशी बर्फ साचू देऊ नये.

आपल्याकडच्या गॅस गिझरचंही गणित हेच आहे. तो बंद बाथरूममध्ये असेल, तर आजच बाहेर मोकळ्या हवेत बसवून घ्या.