‘जतन झाले’ म्हणजे नेमके काय झाले?

कागदावर शाईने लिहिलेली ओळ लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर उमटते. ती उमटली की नाही, याबद्दल शंकेला जागा उरत नाही. संगणकावर लिहिलेल्या ओळीची गोष्ट निराळी आहे. अक्षरे पडद्यावर दिसतात, ‘जतन झाले’ अशी ग्वाही यंत्र देते आणि लिहिणारा निर्धास्त होतो. वास्तविक त्या क्षणी ती ओळ बहुधा संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीतच असते. कायमच्या साठवणीच्या तबकडीवर ती काही सेकंदांनी जावयाची असते. त्या काही सेकंदांत वीज गेली तर दिलेल्या ग्वाहीचे काय होते, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटला तरी तो आता केवळ तंत्रज्ञांचा राहिलेला नाही. विद्यार्थ्यांचे गुण, शेतकऱ्याचा सातबारा, कचेरीतील आवक-जावक, बँकेतील शिल्लक आणि संशोधकाची वर्षानुवर्षांची निरीक्षणे आज अशाच ग्वाहीवर विसंबून आहेत.

या प्रश्नाचा विचार लिनक्सच्या संदर्भात करणे उचित ठरेल, आणि त्याला दोन कारणे आहेत. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स याने १९९१ मध्ये हौसेने सुरू केलेली ही ऑपरेटिंग सिस्टीम आज जगभर पसरली आहे. जगातील सर्वांत वेगवान ५०० संगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र नोव्हेंबर २०१७ पासून तिच्यावर चालते. खिशातील अँड्रॉइड फोनचा गाभाही तोच. हे पहिले कारण. दुसरे असे की, तिची आज्ञावली खुली आहे आणि तिच्यातील चुकांचे वाद चारचौघांत होतात. कोठे काय बिघडले, कोणी कोणती बाजू मांडली, दुरुस्ती कशी झाली, हे कोणालाही पाहता येते.

रोजकीर्द आणि खतावणी

तबकडी म्हणजे एक अफाट दप्तरखाना असे मानले, तर फाइल सिस्टीम हा त्या दप्तरखान्याचा कारभारी होय. कोणता कागद कोणत्या कपाटात, कोणत्या खणात आहे याची सूची तो ठेवतो. नवा कागद आला की तो खणात ठेवणे, सूचीत नोंद करणे आणि मोकळ्या खणांचा हिशेब बदलणे अशी अनेक कामे त्याला करावी लागतात. त्यांपैकी काही झाली आणि काही राहिली असताना वीज गेली, तर सूची एक सांगते आणि कपाट दुसरेच सांगते. १९९३ मध्ये आलेल्या ‘एक्स्ट२’ या लिनक्सच्या फाइल सिस्टीमवर असा प्रसंग ओढवला की यंत्र पुन्हा सुरू होताना सारा दप्तरखाना तपासून पाहावा लागे. तबकड्या मोठ्या होत गेल्या तसतसा या तपासणीला लागणारा वेळ असह्य होऊ लागला.

यावरचा उपाय आपल्या पेढ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता. व्यवहार आधी रोजकीर्दीत टिपावयाचा, मग खतावणीत चढवावयाचा. खतावणी अर्धवट राहिली तर रोजकीर्द पाहून ती पुरी करता येते. स्टीफन ट्वीडी यांनी तयार केलेली ‘एक्स्ट३’ २००१ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात दाखल झाली, ती नेमकी हीच पद्धत घेऊन. अपघातानंतरची लांबलचक तपासणी त्यामुळे काही क्षणांवर आली.

मात्र येथे एक बारकावा आहे आणि पुढचे सारे रामायण त्यातूनच घडले. वेगासाठी ही रोजकीर्द सामान्यतः सूचीतील बदलांचीच ठेवली जाते, कागदावरील मजकुराची नव्हे. म्हणजे अपघातानंतर दप्तरखान्याची शिस्त शाबूत राहते. आपला कागद शाबूत राहीलच असे नाही. कारभाऱ्याची अब्रू वाचणे आणि मालकाचा कागद वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नियम आणि विश्वास

हा भेद २००९ च्या आरंभी चव्हाट्यावर आला. ‘एक्स्ट३’ची वारसदार ‘एक्स्ट४’ डिसेंबर २००८ मध्ये स्थिर म्हणून जाहीर झाली होती. वेग वाढवण्यासाठी तिने मजकूर तबकडीवर कोठे ठेवावयाचा याचा निर्णयच लांबणीवर टाकावयास सुरुवात केली. जुनी व्यवस्था साधारण दर पाच सेकंदांनी हिशेब मिटवी आणि सूचीत नोंद पक्की करण्यापूर्वी मजकूर तबकडीवर उतरवी. नवी व्यवस्था मजकूर अर्धा मिनिट किंवा त्याहूनही अधिक काळ स्मृतीतच ठेवू लागली. मधल्या काळात यंत्र कोलमडले की काही वापरकर्त्यांना विलक्षण दृश्य दिसे. फाइलचे नाव जागच्या जागी, आत मात्र एकही अक्षर नाही! जुना मजकूर पुसला गेलेला आणि नवा पोचलेलाच नाही, अशी ती अवस्था होती.

वापरकर्ते संतापले. ‘एक्स्ट४’चे प्रमुख शिल्पकार थिओडोर त्सो यांचे उत्तर नियमाला धरून होते. मजकूर तबकडीवर पोचल्याची पक्की पोच हवी असेल, तर आज्ञावलीने ‘एफसिंक’ ही स्वतंत्र आज्ञा दिली पाहिजे. ती न देता केवळ फाइल बंद केली, तर मजकूर पोचल्याची हमी प्रमाण नियमांत कोठेही दिलेली नाही. हे अक्षरशः खरे होते. परंतु आज्ञावली लिहिणारे ही पोच का मागत नव्हते, तेही पाहिले पाहिजे. ‘एक्स्ट३’वर एका फाइलची पोच मागितली की इतर फाइलींचा साचलेला मजकूरही तिच्याबरोबर उतरवला जाई. २००८ मध्ये फायरफॉक्सच्या तिसऱ्या आवृत्तीत यामुळे पडदा काही सेकंद थिजून राहत असल्याच्या तक्रारी गाजल्या होत्या. पोच मागणाऱ्याला ताटकळत ठेवावयाचे आणि न मागणाऱ्याला नियम दाखवावयाचा, असा हा प्रकार झाला. शिवाय जुन्या व्यवस्थेने वर्षानुवर्षे न बोलता जे पाळले, ते लोकांनी वचन मानले यात त्यांचा दोष किती?

अखेर तडजोड त्सो यांनीच केली. जुनी फाइल काढून तिच्या जागी नवी ठेवण्याचे जे दोन रूढ प्रकार होते, ते ओळखून अशा वेळी मजकूर न रेंगाळता उतरवण्याची सोय २००९ च्या मध्यास गाभ्यात आली. नियम बदलला नाही, व्यवहार बदलला. प्रस्तुत लेखकाच्या मते हेच योग्य झाले. ज्या व्यवस्थेवर कोट्यवधी लोक विसंबतात तिला ‘आम्ही तसे कबूल केले नव्हते’ एवढे म्हणून सुटता येत नाही. रूढीने जडलेला विश्वास हाही एक प्रकारचा करारच असतो.

एकदाच दिलेली वर्दी

पण पोच मागितली तरी ती खरी असते काय? या प्रश्नाने २०१८ मध्ये अनेक जाणकारांची झोप उडवली. ‘पोस्टग्रेस’ हा जगभर वापरला जाणारा डेटाबेस पोच मागण्याच्या बाबतीत अत्यंत काटेकोर. पोच नाकारली गेली तर ती पुन्हा मागावयाची आणि दुसऱ्या खेपेस होकार आला की मजकूर पोचला असे समजावयाचे, अशी त्याची सुमारे वीस वर्षांची रीत होती. लिनक्सचा गाभा मात्र निराळ्या रीतीने वागत होता. तबकडीवर लिहिणे फसले तर तो एकदा वर्दी देई आणि स्मृतीतील त्या मजकुरावर ‘आता उतरवावयाचे काही नाही’ अशी खूण करी. दुसऱ्यांदा विचारले की उत्तर येई, सर्व ठीक आहे. विचारणारा त्या होकारावर विसंबून रोजकीर्दीतील जुनी पाने टाकून देई, आणि मजकूर दोन्हीकडून नाहीसा होई.

गाभ्याच्या कर्त्यांची बाजूही निराधार नव्हती. लिहिणे फसण्याचे नेहमीचे कारण म्हणजे चालू यंत्रातून कोणीतरी पेन ड्राइव्ह उपटून काढणे. तो परत लावला जाणारच नसेल तर त्याच्यासाठीचा मजकूर किती काळ सांभाळावयाचा? तसे करीत राहिल्यास स्मृती भरून सारे यंत्रच बंद पडावयाचे. शेवटी पोस्टग्रेसने फेब्रुवारी २०१९ मध्ये आपली रीत बदलली. पोच नाकारली गेली की पुन्हा विचारावयाचे नाही. तत्काळ काम थांबवावयाचे आणि रोजकीर्दीवरून खतावणी नव्याने उभी करावयाची. दोन निष्णात मंडळ्या वीस वर्षे एकमेकांच्या शेजारी काम करीत होत्या, आणि एका नकाराचा अर्थ दोघांनी वेगवेगळा घेतला होता. दोघांपैकी कोणीही निष्काळजी नव्हते. तरीही माहिती हरवण्याची वाट मोकळी राहिली होती.

ताळा जुळला तरी

तिसरा धोका याहून गुप्त आहे. तबकडी कोणतीही तक्रार न करता चुकीचा मजकूर परत देते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे १५ लाख ३० हजार तबकड्यांच्या ४१ महिन्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. मजकूर आणि त्याचा ताळा जुळत नसल्याचे ४ लाखांहून अधिक प्रसंग त्यात आढळले. शाळेत गुणाकाराचा ताळा घेण्याची सवय लावली जाते ती अकारण नव्हे. ‘एक्स्ट४’ सूचीचा ताळा ठेवू शकते. मजकुराचा ठेवीत नाही. ‘बीटीआरएफएस’ आणि मूळची सन कंपनीची, पण लिनक्सवरही वापरली जाणारी ‘झेडएफएस’ या दोन्ही व्यवस्था मजकुराचाही ताळा ठेवतात. महत्त्वाचे दप्तर सांभाळणाऱ्याने हा भेद माहीत करून घेतला पाहिजे.

तथापि ताळ्यावरही अंधविश्वास ठेवून चालत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये झेडएफएसमधील एक जुनी चूक उघडकीस आली. नुकत्याच लिहिलेल्या फाइलची त्याच क्षणी नक्कल केली, तर क्वचित मजकुराचा काही भाग रिकामा आहे असे ती सांगे आणि नकलेत त्या जागी शून्ये उतरत. या शून्यांचा ताळा मात्र अचूक! त्यामुळे तपासणीत काही सापडणे शक्यच नव्हते. पुढच्याच महिन्यात ‘एक्स्ट४’ची पाळी आली. एका दुरुस्तीचा अर्धाच भाग गाभ्याच्या जुन्या शाखेत नेला गेला, तिच्या जोडीची दुसरी दुरुस्ती मागे राहिली आणि त्यातून मजकूर बिघडू लागला. ९ डिसेंबर २०२३ रोजी निघावयाची डेबियनची १२.३ ही आवृत्ती तिच्या चालकांनी तातडीने थोपवली आणि दुसऱ्या दिवशी चूक दुरुस्त करून १२.४ प्रसिद्ध केली.

अशा चुका वाचून कोणी लिनक्सला नावे ठेवील, तर तो उतावळेपणा होईल. बंद दाराआड तयार होणाऱ्या व्यवस्थांत चुका होत नाहीत असे नव्हे. त्या आपल्याला कळत नाहीत एवढेच. डेबियनच्या चालकांनी ठरलेली तारीख मोडली, आपल्या आवृत्तीत दोष असल्याचे जगजाहीर केले, आणि म्हणूनच इतरांना सावध होता आले. परंतु खुलेपणाची महती गाताना त्याची मर्यादाही विसरता कामा नये. चूक सर्वांसमक्ष दुरुस्त झाली म्हणून हरवलेला प्रबंध परत येत नाही.

प्रत कोठे आहे?

डिसेंबर २०२१ मध्ये जपानच्या क्योटो विद्यापीठातील महासंगणकाच्या साठवणीतून सुमारे ७७ टेराबाइट माहिती, म्हणजे ३ कोटी ४० लाखांच्या आसपास फाइली पुसल्या गेल्या. तबकडी बिघडली नव्हती आणि फाइल सिस्टीमही चुकली नव्हती. जुन्या नोंदी काढून टाकणारी एक आज्ञावली चालू असतानाच तिच्या जागी नवी ठेवली गेली. अर्धी जुनी, अर्धी नवी अशी ती चालली आणि भलतेच पुसत गेली. ती आज्ञावली कोणत्या कामातील होती? सुरक्षित प्रती करण्याच्या कामातील! १४ संशोधक गटांच्या फाइली गेल्या. त्यांपैकी चार गटांच्या फाइली प्रतींवरूनही परत आणता आल्या नाहीत. सांगितलेले काम फाइल सिस्टीमने अगदी इमानाने केले, आणि म्हणूनच नुकसान पुरे झाले.

यावरून निघणारा निष्कर्ष नवा नाही. मजकूर टिकतो तो एका जागी कडेकोट ठेवल्याने नव्हे, तर अनेक जागी असल्याने. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, ती देशाच्या निरनिराळ्या भागांतील, निरनिराळ्या लिपींतील हस्तलिखिते एकमेकांशी ताडून. एका पोथीत गळलेले दुसरीत सापडत गेले, कारण ती दुसरी पोथी वेगळ्या गावी, वेगळ्या माणसाच्या हाती होती. संगणकाच्या जगातही हाच दंडक आहे. तीन प्रती ठेवाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या वास्तूत असावी. त्याच यंत्रातील दुसरी तबकडी ही प्रत नव्हे. ती पहिलीचे प्रतिबिंब म्हणून जोडलेली असेल, तर चुकीने पुसलेली फाइल ती त्याच क्षणी, तितक्याच तत्परतेने पुसते.

जबाबदारीची वाटणी आता स्पष्ट व्हावी. व्यवस्था रचणाऱ्यांनी आपण कशाची हमी देतो आणि कशाची देत नाही हे सामान्य माणसाला कळेल अशा भाषेत सांगितले पाहिजे, आणि लोकांची जडलेली सवय मोडण्यापूर्वी दहादा विचार केला पाहिजे. दप्तर सांभाळणाऱ्यांनी, मग ते शाळेचे असो, कचेरीचे असो वा विद्यापीठाचे, प्रत ठेवली आहे एवढ्यावर समाधान मानू नये. वर्षातून निदान दोनदा ती प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडावी, चार फाइली वाचून पाहाव्यात, आणि ते कोणी केले व कोणत्या तारखेस केले याची नोंद सहीनिशी ठेवावी. या कामास फारसा पैसा लागत नाही. एका जबाबदार कारकुनाचा अर्धा दिवस लागतो. तेवढा अर्धा दिवस ज्या कचेरीला सापडत नाही, तिच्या यंत्राने ‘जतन झाले’ म्हटले तर त्यावर विश्वास ठेवावयास नागरिकांना काहीच कारण नाही.