हरिश्चंद्राची फॅक्टरी आणि खेळांचे कारखाने

माझी भाची पुण्यातल्या एका व्हिडिओ गेम स्टुडिओत काम करते. नाशिकला कोणी चौकशी केली, की माझी बहीण सांगते, "कॉम्प्युटरमध्ये आहे." 'गेम' हा शब्द ती गिळून टाकते. ते ऐकले की मला दादासाहेब फाळके आठवतात. 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी सिनेमात काम करणे कमीपणाचे होते. म्हणून फाळक्यांनी आपल्या माणसांना सांगून ठेवले होते : कोणी विचारलेच, तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत म्हणा. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या या माणसाविषयी मी हौसेने वर्षानुवर्षे वाचत आलो आहे. संगणकाचे शिक्षण मला नाही; पण भाचीचे काम समजून घेताना फाळकेच उपयोगी पडले.

गेमच्या कंपनीत लोक दिवसभर खेळतात, हा आपला पहिला गैरसमज. भाचीचे काम दगड घडवण्याचे. चित्रकार वाड्याचा दरवाजा रेखाटतो. भाची संगणकावर त्याची त्रिमित प्रतिकृती करते, दगडाला पोत देते, शेवाळ चढवते, उंबरा झिजवते. ही झीज तिने जुन्या नाशकातल्या वाड्यांमध्ये पाहून ठेवलेली. प्रोग्रामर ते दार उघडण्याचे नियम लिहितो. दार खेळाडूला कुठून आणि केव्हा दिसावे, हे लेव्हल डिझायनर ठरवतो. खेळतो तो फक्त टेस्टर. तोही कसा, तर एकाच भिंतीला शंभर ठिकाणी धडका देत, कुठून आरपार जाता येते ते शोधत. चूक सापडली की ती कशी घडली ते पायरी-पायरीने लिहायचे आणि दुरुस्तीनंतर पुन्हा तीच धडक द्यायची.

सगळा जाच वेळेचा आहे. सिनेमाची चौकट आधीच छापलेली असते. गेममध्ये खेळाडू मान वळवील तसे चित्र त्याच क्षणी तयार व्हावे लागते. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील, तर एका चित्राच्या वाट्याला १७ मिलिसेकंदही येत नाहीत. म्हणून मन लावून कोरलेली नक्षी पुष्कळदा काढून टाकावी लागते. "दार जड झालंय," एवढाच निरोप येतो.

आता पैशाकडे वळू. १९१२ साली फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली आणि ती छोटी फिल्म दाखवून भांडवल मिळवले. तरीही सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडलेच. आजचे स्टुडिओही गेमचा छोटा खेळता येणारा नमुना करून प्रकाशकाचे दार ठोठावतात. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'ने 'राजी' या गेमसाठी २०१७ साली लोकवर्गणीची मोहीम काढली, ती फसली. संस्थापकांपैकी अविचल सिंह यांनी स्वतःचा फ्लॅट विकून काम चालू ठेवले. पुढे प्रकाशक मिळाला आणि २०२० मध्ये 'राजी' बाजारात आला. हरवलेल्या भावाला शोधणाऱ्या मुलीची ती गोष्ट. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या गेमसाठी त्याला नामांकनही मिळाले.

मात्र भांडवल दुसऱ्याचे असले, की कामावरचा हक्कही दुसऱ्याचा होतो. १९१८ मध्ये फाळक्यांनी मुंबईच्या भांडवलदारांबरोबर नाशकात 'हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी' काढली. पैसा आला, त्याबरोबर खर्चाचे आणि वेळेचे हिशेबही आले. मतभेद झाले, फाळके बाहेर पडून काशीला गेले आणि तिथे त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिले. पुढे ते परतले. पण मधल्या काळात त्यांचीच कंपनी त्यांच्याविना चालू होती.

याच गोष्टीची आजची आवृत्ती पाहा. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंकडे 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम'ची नवी आवृत्ती होती. २००३ सालचा मूळ गेम जगभर गाजलेला. एवढ्या नावाच्या गेमची धुरा आपल्याकडे येणे ही मोठी गोष्ट होती. सप्टेंबर २०२० मध्ये घोषणा झाली. पहिली झलक पाहून लोकांनी चित्रांवर टीका केली, तारखा लांबल्या. मे २०२२ मध्ये काम मूळ गेम घडवणाऱ्या माँट्रियल स्टुडिओकडे गेले. जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने तो प्रकल्पच रद्द केला. पुण्या-मुंबईच्या मुलांची ती वर्षे कुठे जमा धरायची?

भाचीचा स्टुडिओ वेगळा; पण तिलाही हेच भोगावे लागले. गेल्या दिवाळीत ती घरी आली तेव्हा तिच्या तीन वर्षांच्या कामाचा गेम बंद पडला होता. गुप्ततेच्या करारामुळे आपण घडवलेले दार नवी नोकरी शोधतानासुद्धा ती दाखवू शकत नाही. मला, सख्ख्या मामालाही, तिने ते तोंडीच वर्णन करून सांगितले. फाळक्यांच्या बहुतेक चित्रपटांच्या प्रती आज उरलेल्या नाहीत. पण निदान लोकांनी ते पाहिले होते. भाचीचे दार कोणीच उघडणार नाही.

फराळाच्या वेळी मी बहिणीला म्हटले, "यापुढे विचारलं तर सरळ सांग, गेम बनवते म्हणून." लाज वाटावी असे त्या कामात काहीच नाही. काळजी वाटावी असे मात्र आहे आणि ती करायची, तर आधी त्या कामाचे नाव घ्यायला हवे.