वावरावर हवेत थांबणारा पक्षी : खरुची



दिवाळीनंतर पांढरकवड्याहून कोणत्याही खेड्याकडे निघा. पऱ्हाटी-तुरीच्या वावरावर एखादा पक्षी एकाच जागी पंख फडफडवत थांबलेला दिसेल. आमची मुलं त्याला शिक्रा समजतात. कोंबडीची पिल्लं नेतो म्हणून लगेच गलोल काढतात.

तो शिक्रा नाही, खरुची आहे. ससाण्याच्या कुळातला लहान पक्षी, वजन साधारण २०० ग्रॅम. शिक्र्याचे पंख आखूड व गोलसर असतात, तो झाडाआडून झडप घालतो. खरुचीचे पंख लांब, टोकदार. पाठ विटकरी, तिच्यावर काळे ठिपके. नराचं डोकं राखाडी असतं. खाणं मुख्यतः उंदीर, नाकतोडे, सरडे.

हवेत थांबतो कसा? वाऱ्याकडे तोंड करतो, शेपटी पंख्यासारखी पसरतो. अंग हलतं, पण डोकं जागचं हलत नाही, म्हणून खालची बारीक हालचालही त्याला दिसते. वर्गात मी कोंबडीचं उदाहरण देते. कोंबडी हातात धरून हळूच पुढे-मागे करा, तिचं डोकं जागेवरच राहतं. (प्रयोग घरीच करायला सांगा. माझ्या वर्गात एकदा खरंच कोंबडी आली होती, पुढचा तास गेला!)

आपल्याकडे दिसणारे खरुची बहुतेक हिवाळी पाहुणे. उन्हाळ्याच्या तोंडी ते उत्तरेकडे परततात. सह्याद्रीच्या कड्यांवर मात्र काही जोड्या वीण करतात. हा पक्षी घरटं बांधत नाही. कड्याची कपार किंवा कावळ्याचं जुनं घरटं वापरतो. अंडी साधारण ४-५. मादी जवळपास महिनाभर उबवते, तिचं खाणं नर आणतो.

आता पालकांसाठी. वावरात उंदरांसाठी आपण ब्रोमाडिओलोनच्या वड्या टाकतो. ती खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्त होऊन उघड्यावर फिरतो. असा उंदीर खरुचीला आयता सापडतो आणि विष त्याच्या पोटात जातं. रात्री घुबडाचंही तेच. म्हणजे फुकटात उंदीर मारणारेच आपण मारतो. वड्या टाकायच्याच असतील तर बिळात आत टाका, मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरा. वावरात पाच-सहा पक्षीथांबे उभे करा, खरुची त्यांवर बसून टेहळणी करतो.

आणि गलोलीचं : वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार त्याला मारणं गुन्हा आहे. मी मुलांना हे सांगते, पण गलोलीऐवजी वही दिली की जास्त उपयोग होतो. तारीख, जागा, तो किती वेळा खाली झेपावला आणि किती वेळा रिकामा परतला, एवढंच लिहायचं.