तळ्यासाठी हवेची होडी: साध्या प्लास्टिकची की कापडी पीव्हीसीची?

मत्स्यशेती करणाऱ्यांकडून काढणीचे दिवस जवळ आले की होडीबद्दल विचारणा सुरू होते. यंदा पनवेलच्या खारपट्ट्यातील एका शेतकऱ्याने दोन हवेच्या होड्यांचे फोटो पाठवले आणि खाली एवढेच लिहिले, "साहेब, दोन्हींवर २०० किलो लिहिलंय. मग महागडी कशाला घेऊ?" प्रश्न रास्त आहे. एक होडी काही हजारांत मिळते, दुसरीची किंमत तिच्या कित्येक पट. पण होडीवर छापलेल्या आकड्यावरून निवड करू नये. तुमच्या तळ्याचा काठ आणि तळ कसा आहे, होडीत किती माणसे बसणार आणि एक कप्पा फुटला तर त्या माणसांचे काय होणार, हे आधी पाहावे.

त्याही आधी स्वतःला विचारा, होडी लागणार आहे का? २० × २० मीटरच्या शेततळ्यात खाद्य काठावरून टाकता येते, पाण्याचा नमुना दोरीला बांधलेल्या बाटलीने मध्यावरून घेता येतो. तळे मोठे असेल, मधोमध एरेटर असेल, पाण्यात चुना सगळीकडे सारखा पसरायचा असेल किंवा जाळे आडवे ओढायचे असेल, तरच होडीचा खर्च करा.

दोन होड्यांतील खरा फरक

पहिली होडी साध्या प्लास्टिकची, म्हणजे व्हिनाइलची. पोहण्याच्या तलावात मुलांना खेळायला देतात त्याच जातीचे, थोडे जाड प्लास्टिक. तिच्या पत्र्यात कापड नसते. दुसरीत पॉलिस्टरचे विणलेले कापड असते आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पीव्हीसीचा थर असतो. दुकानात ओळखायचे असेल तर कडेची मोकळी पट्टी उजेडात धरा, आतली वीण दिसते. व्हिनाइलला एकदा चीर पडली की ताणाने ती पुढे फाटत जाते. कापडी पीव्हीसीत वीण चिरेला अडवते, छिद्र छिद्रच राहते आणि काठावर येण्याइतका वेळ मिळतो.

हवेचा दाबही वेगळा असतो. व्हिनाइलच्या नळीत साधारण अर्धा पीएसआय दाब भरतात, कापडी होडीत सुमारे ३ पीएसआय. त्यामुळे व्हिनाइलची होडी भार पडताच मधोमध वाकते. तिचा तळही मऊ असतो, त्यावर उभे राहणे म्हणजे पाण्याने भरलेल्या गादीवर उभे राहणे. पाग म्हणजे फेकजाळे टाकायचे असेल तर माणसाला उभे राहावेच लागते. अशा कामाला लाकडी पट्ट्यांचा किंवा प्लायवुडचा तळ असलेली कापडी होडीच हवी. फक्त बसून खाद्य टाकायचे असेल तर हा मुद्दा सोडून द्या.

वजन मात्र व्हिनाइलच्या बाजूने आहे. पाच ते दहा किलोची ती होडी एकटा माणूस बांधावरून खांद्यावर नेतो. लाकडी तळाची कापडी होडी वीस-तीस किलोपर्यंत जाते.

२०० किलोचा हिशेब घरीच करा

मोजपट्टी घ्या. हवा भरलेल्या नळीचा व्यास मीटरमध्ये मोजा, त्याला त्याच आकड्याने गुणा, मग ०.७८५ ने गुणा आणि शेवटी नळीच्या एकूण लांबीने गुणा. आलेल्या उत्तराला १००० ने गुणले की नळ्या पूर्ण बुडाल्यावर किती किलो वजन उचलतील ते मिळते.

नळीची एकूण लांबी साडेपाच मीटर धरू. व्हिनाइलच्या होडीची नळी २५ सेंटिमीटरची असेल तर उत्तर येते सुमारे २७० किलो. कापडी होडीची नळी ३५ सेंटिमीटरची असेल तर सुमारे ५३० किलो. व्यास दहा सेंटिमीटरने वाढला आणि ताकद जवळपास दुप्पट झाली.

आता तळ्यावरचा खरा भार मांडा. ६५ किलोची दोन माणसे आणि खाद्याची २५ किलोची पिशवी, म्हणजे १५५ किलो. व्हिनाइलच्या होडीत दोन सारखे कप्पे असतील आणि त्यातला एक गेला, तर उरलेला कप्पा १३५ किलो पेलतो. होडी बुडते. कापडी होडीत तीन सारखे कप्पे असतील तर एक फुटल्यावरही सुमारे ३५० किलोची ताकद शिल्लक राहते. होडी तिरकी होईल, खाद्य भिजेल, पण माणसे वर राहतील. कप्पे मोजताना बसायची उशी आणि फुगणारा तळ धरू नका, फक्त बाजूच्या नळ्यांचे कप्पे मोजा.

म्हणून माझा नियम असा: एक कप्पा रिकामा धरून जेवढे वजन उरते, त्याहून जास्त भार त्या होडीत चढवायचा नाही. या नियमाने वरची व्हिनाइलची होडी एका माणसाची आणि एका पिशवीची ठरते. तेवढेच काम असेल तर ती घ्यायला हरकत नाही.

तळे कोणते?

पनवेल तालुक्यात दोन्ही प्रकारची तळी भेटतात. डोंगराकडच्या नेरे, मालडुंगे भागात जमीन चढाची, तिथे प्लास्टिकचे अस्तर घातलेले शेततळे करतात. अस्तर बहुधा ५०० मायक्रॉनचे असते आणि लाकडी होडीचा खिळा किंवा पत्र्याची कड लागली की ते फाटते. इथे हवेची होडी सगळ्यात सोयीची. पाणी गोडे, तळ गुळगुळीत, टोचणारे काही नाही. एका माणसाच्या कामाला व्हिनाइलची होडी इथे काही हंगाम निभावते. लाकडी पट्ट्यांची होडी नेणार असाल तर ती अस्तरावरून ओढू नका, दोघांनी उचलून ठेवा.

खारपट्ट्यात चित्र उलटे आहे. केळवणे परिसरात किंवा पुढे उरण-पेणकडे खारबंदिस्तीच्या आतल्या तळ्यात उघाडीच्या दगडांना कालवे चिकटलेली असतात, त्यांची कड ब्लेडसारखी चालते. तिवरांची टोकदार मुळे चिखलातून वर आलेली असतात, जुने खुंट पाण्याखाली दिसत नाहीत. शिवाय जिताड्याच्या पाठीवर काटे असतात आणि गलफडाचे पाते धारदार असते. तडफडणारा जिताडा व्हिनाइलच्या होडीत टाकणे म्हणजे स्वतःच पंक्चर करून घेणे. चिंबोऱ्याही टोपलीतच ठेवा. इथे कापडी पीव्हीसीच घ्यावी, तळाला जाड पट्टी असलेली. होडीला वाट करायला तिवरे तोडू नका, कांदळवनाला कायद्याचे संरक्षण आहे.

गोड्या तळ्यातही एक सावधगिरी: रोहू, कटल्याला असे काटे नसतात, पण सायप्रिनसच्या पाठीच्या पराचा पहिला काटा करवतीसारखा असतो.

ऊन आणि हवा

बहुतेक होड्या पाण्यात फुटत नाहीत, काठावर फुटतात. सकाळी २५ अंशांना कापडी होडीत ३ पीएसआय हवा भरली आणि ती उन्हात राहून आतली हवा ५५ अंशांवर गेली, तर दाब पावणेपाच पीएसआयच्या आसपास जातो. व्हिनाइल ताणले जाते, म्हणून तिथे दाब तितका वाढत नाही, पण जोड आधी उसवतात. काम झाले की होडी सावलीत न्या, तेवढी सावली नसेल तर थोडी हवा सोडा. उलटही घडते. दुपारी गरम हवेने टणक वाटणारी होडी थंड पाण्यात उतरताच सैल पडते. म्हणून पाण्यात ठेवून दहा मिनिटांनी पुन्हा दाब पाहा आणि लागेल तेवढी हवा भरा.

माणूस पाण्यात पडला तर

अस्तराच्या तळ्यात माणूस बुडतो तो पोहता येत नाही म्हणूनच असे नाही. ओले प्लास्टिक शेवाळाने इतके निसरडे होते की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही उतारावर पाय टेकता येत नाही. होडी घेण्याआधी चारही बाजूंना गाठी मारलेला दोर काठावरच्या खुंटाला बांधून पाण्यात सोडा. हा खर्च होडीच्या खर्चापुढे काहीच नाही. होडीत बसणाऱ्याच्या अंगात लाइफ जॅकेट हवे, पट्टे आवळलेले. होडीत नुसते ठेवलेले जॅकेट उपयोगाचे नाही. काठावर दुसरा माणूस हवाच. आणि संध्याकाळी होडी तळ्यावर सोडून घरी जाऊ नका. सुट्टीत मुलांना ती बोलावते. हवा काढून किंवा कुलूप लावून ठेवा.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी एक वेगळी सूचना. काही गावांत "पुरातही उपयोगी पडेल" म्हणून अशी होडी सामाईक घेण्याचा विचार होतो. २६ जुलै २००५ चा पाऊस आपल्या भागात अजून कोणी विसरलेले नाही, त्यामुळे ही इच्छा समजते. पण गाढी किंवा पाताळगंगेला पूर आला की पाण्यात ओंडके, तारेचे कुंपण, पत्रे वाहत असतात आणि वल्ह्याने त्या ओढीला तोंड देता येत नाही. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल ज्या होड्या वापरते त्या याहून खूप जाड, इंजिनाच्या आणि प्रशिक्षित माणसांच्या हातातल्या असतात. तळ्याची कोणतीही होडी पुरात घालू नये, अगदी महागडीही. ११२ वर फोन करा, तहसील कार्यालयाला कळवा.

ठेवण आणि डागडुजी

सायकलच्या पंक्चरचे सोल्यूशन पीव्हीसीला धरत नाही, दोन दिवसांत ठिगळ सुटते. होडीसोबत पीव्हीसीचा चिकट द्रव आणि त्याच कापडाचे तुकडे मागून घ्या. खारे पाणी आणि चुन्याची पूड गोड्या पाण्याने धुऊन होडी पूर्ण वाळवा. घडीत खाद्याचा भुसा राहिला तर गोदामातले उंदीर त्याच्या वासाने होडी कुरतडतात, म्हणून ती आढ्याला टांगून ठेवलेली बरी.

ऑनलाइन मागवली असेल तर परत करायची मुदत संपायच्या आत ती घरात फुगवून एक रात्र ठेवा. पहाटेच्या गारव्याने थोडी सैल झाली तर घाबरू नका. दिवस तापल्यावर पुन्हा टणक होते का पाहा. नाही झाली तर जोडांवर आणि व्हॉल्व्हवर साबणाचे पाणी लावा. बुडबुडे दिसले तर ठिगळ लावत बसू नका, होडी परत पाठवा.